लॉगआउट केलं की थांबणारी, पाहायला गेलं की चालू असणारी युजर सर्व्हिस

लक्षण असं. लिनक्सवर सिस्टमडीखाली (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) तुमच्या नावाने चालणारी एखादी सर्व्हिस आहे, फाइल सिंक करणारी किंवा ठरावीक वेळाने बॅकअप घेणारी. रात्री ती काम करत नाही. सकाळी एसएसएच करून स्टेटस पाहिलं, तर हिरव्या अक्षरात ‘ऍक्टिव्ह (रनिंग)’. एरर नाही, क्रॅश नाही. मग वाटतं की काल नेटवर्क गेलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्याकडे हे जवळजवळ तीन आठवडे चाललं होतं. नोंदींची एक डिरेक्टरी दुसऱ्या मशीनवर नेणारी साधी स्क्रिप्ट होती, आणि मी तिच्यातच बग शोधत बसलो. टाइमआउट वाढवले, लॉगिंग वाढवलं, पुन्हा प्रयत्न करण्याचा कोडही लिहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. स्क्रिप्टमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. हा प्रश्न मला इतरांकडूनही इतक्यांदा येतो की सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप करायच्या.

घाईत असाल तर आधी हे करा:

सुडो लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर तुमचं-युजरनेम

बहुतेकांचं काम इथेच होतं. झालं नाही, किंवा झालं पण का झालं ते कळलं नाही, तर पुढे वाचा. दुसऱ्यांदा अडकाल तेव्हा ते ‘का’च उपयोगी पडतं.

पुरावा कसा शोधायचा

मला उलगडा झाला तो दोन वेळा शेजारी ठेवल्यावर. पहिली, सर्व्हिस कधीपासून चालू आहे ती:

सिस्टमसीटीएल --युजर शो नोंद-सिंक -पी ऍक्टिव्हएंटरटाइमस्टॅम्प

उत्तर आलं सकाळी ०९:०२:११. दुसरी, मी त्या मशीनवर लॉगिन कधी केलं ती. त्यासाठी ‘लास्ट’ ही कमांड. तिथे ०९:०२. म्हणजे सर्व्हिस रात्रभर चालू नव्हतीच. मी ती पाहायला आलो आणि माझ्या येण्यानेच ती सुरू झाली. मग मागच्या संध्याकाळचा जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) काढला. मी लॉगआउट केल्यानंतर साधारण १० सेकंदांनी ‘स्टॉप्ड’ची एक ओळ, तिच्यामागोमाग माझ्या सगळ्या युजर सर्व्हिस एकेक करून बंद, आणि मग थेट सकाळपर्यंत शांतता. बंद होताना कुठेही ‘फेल्ड’ नाही, कारण सिस्टमच्या दृष्टीने काही फेल झालंच नव्हतं. तिने शिस्तीत आवरतं घेतलं होतं.

तुमच्याकडेही हीच दोन टोकं जुळत असतील तर निदान पक्कं समजा. जुळत नसतील, म्हणजे सर्व्हिस मध्यरात्री ३ला पडली आणि तुमचा लॉगआउट संध्याकाळी ६चा, तर दुखणं वेगळं आहे. खरंच क्रॅश होत असेल.

हे होतं कशामुळे

सिस्टमडी असलेल्या लिनक्सवर मॅनेजर एकच नसतो. एक असतो सिस्टमचा, पीआयडी १ (मशीनची पहिली प्रोसेस), जो बूटपासून शटडाउनपर्यंत जिवंत असतो. दुसरा असतो प्रत्येक युजरचा स्वतःचा. त्याचं युनिट (सिस्टमडी सांभाळतो त्या प्रत्येक गोष्टीला युनिट म्हणतात) ‘युजर@१०००.सर्व्हिस’ अशा नावाचं, ॲटच्या पुढचा आकडा म्हणजे तुमचा यूआयडी, म्हणजे युजर क्रमांक. तुम्ही ‘सिस्टमसीटीएल --युजर’ म्हणता तेव्हा पीआयडी १ शी नाही, या दुसऱ्याशी बोलता.

या दुसऱ्या मॅनेजरचं आयुष्य तुमच्या लॉगिनला बांधलेलं असतं. पहिलं सेशन उघडलं की लॉगिनडी (लॉगिनचा हिशेब ठेवणारी सर्व्हिस) त्याला उठवतो, शेवटचं सेशन बंद झालं की थोडं थांबून झोपवतो. ते ‘थोडं’ म्हणजे मुळात १० सेकंद, लॉगिनडीच्या कॉन्फिगमध्ये ‘युजरस्टॉपडिलेसेक’ नावाने. मॅनेजर गेला की त्याच्या हाताखालचं सगळं गेलं. सोबत ‘/रन/युजर/१०००’ ही डिरेक्टरीही काढून टाकली जाते. तुमचे सॉकेट आणि तात्पुरत्या फाइल तिथेच असतात.

ही रचना डेस्कटॉपसाठी अगदी योग्य आहे. माणूस उठून गेला, तर त्याच्या नावाने मागे काही चालू राहू नये. पण सर्व्हरवर आपली अपेक्षा नेमकी उलटी असते, आणि ती उलटी आहे हे मशीनला सांगावं लागतं. ‘लिंगर’ म्हणजे तेच सांगणं: हा युजर लॉगिन असो वा नसो, त्याचा मॅनेजर बूट होताना सुरू कर आणि चालू ठेव. कमांड दिल्यावर ‘/व्हार/लिब/सिस्टमडी/लिंगर’ या डिरेक्टरीत तुमच्या नावाची एक रिकामी फाइल तयार होते, बाकी जादू काही नाही. लागू झालं का ते असं पाहा:

लॉगिनसीटीएल शो-युजर तुमचं-युजरनेम -पी लिंगर

‘लिंगर=येस’ आलं पाहिजे.

एक गल्लत इथे हमखास होते. शोधाशोध करताना ‘किलयुजरप्रोसेसेस=नो’ करा असा सल्ला सापडतो. ती सेटिंग लॉगिन सेशनमध्ये मागे उरलेल्या प्रोसेसबद्दल आहे, उदाहरणार्थ टीमक्स किंवा स्क्रीन. तिने रीबूटनंतर तुमचा मॅनेजर आपोआप सुरू होणार नाही. सर्व्हिससाठी ती बदलू नका, लिंगर लावा.

लिंगर लावलं, तरी रीबूटनंतर सुरू होत नाही

आता दोष बहुधा युनिट फाइलमध्ये आहे, आणि दहापैकी नऊ वेळा शेवटच्या ओळीत. सिस्टम सर्व्हिसची फाइल उचलून ‘~/.कॉन्फिग/सिस्टमडी/युजर’मध्ये ठेवलेली असते आणि तिच्यात असतं:

वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

टार्गेट म्हणजे एकत्र सुरू करायच्या युनिटांचा गट. युजर मॅनेजरकडे मल्टी-युजर नावाचं टार्गेट नाही. ते पीआयडी १ चं. तरी ‘एनेबल’ म्हटलं की कमांड सिमलिंक (फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) करते, ‘एनेबल्ड’ असं दाखवतेही, आणि त्या टार्गेटला कधीच कोणी हाक मारत नाही. हातानं ‘स्टार्ट’ केलं की सगळं उत्तम चालतं, त्यामुळे संशयही येत नाही. मला ही चूक सगळ्यात वाईट वाटते ती याचसाठी. युजर सर्व्हिससाठी टार्गेट ‘डिफॉल्ट.टार्गेट’ हवं. चालणारी फाइल अशी:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=नोंदींचं सिंक

[सर्व्हिस]
एक्झेकस्टार्ट=%एच/बिन/नोंद-सिंक
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=३०

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=डिफॉल्ट.टार्गेट

जुनी ओळ बदलल्यावर नुसतं ‘डेमन-रीलोड’ पुरत नाही. जुनी सिमलिंक जुन्याच जागी राहते. ‘सिस्टमसीटीएल --युजर रीएनेबल नोंद-सिंक’ करा, म्हणजे आधीची निघून नवी बसते. टायमर असेल तर त्याचं ‘टायमर्स.टार्गेट’ मात्र युजरकडेही असतं, ते तसंच ठेवा.

याच नकलेतून आलेली दुसरी ओळ म्हणजे ‘युजर=’. सिस्टम युनिटमध्ये ती गरजेची, इथे नको. मॅनेजर आधीच तुमच्या नावाने चालतो आणि ग्रुप बदलण्याचा अधिकार त्याला नाही. ती ओळ राहिली तर स्टेटसमध्ये ‘२१६/ग्रुप’ दिसतं. ओळ काढली की मिटलं.

तिसरी: ‘आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’. नेटवर्कचं टार्गेट पीआयडी १ कडे आहे आणि युजर मॅनेजरला सिस्टमची युनिट दिसत नाहीत. त्यामुळे ही ओळ असून नसल्यासारखी. परिणाम असा होतो की मशीन बूट होतं, तुमची सर्व्हिस नेटवर्कच्या आधीच धावते, पडते, पुन्हा उठते. पुन्हा उठण्यातला विराम मुळात फक्त १०० मिलिसेकंद आहे आणि मर्यादा आहे १० सेकंदांत ५ वेळा सुरू होण्याची. झटकन पडणारा प्रोग्रॅम ते पाचही प्रयत्न एखाद्या सेकंदात संपवतो, मग ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ म्हणत कायमचा थांबतो. नेटवर्क येतं त्यानंतर. वरच्या फाइलमध्ये ‘रीस्टार्टसेक=३०’ आहे ते याच कारणाने. ३० सेकंदांच्या अंतराने ती मर्यादा कधी लागतच नाही. आधीच अडकलेली असेल तर ‘रीसेट-फेल्ड’ करून मग ‘स्टार्ट’.

बसला जोडता येत नाही

दुसऱ्या नंबरची तक्रार. (बस म्हणजे ‘सिस्टमसीटीएल’ मॅनेजरशी ज्या वाटेने बोलतं ती.) सर्व्हिससाठी वेगळा युजर केला, रूटवरून ‘सू’ किंवा ‘सुडो -आय’ने त्याच्या नावात शिरलात, आणि:

फेल्ड टू कनेक्ट टू बस: नो मीडियम फाउंड

‘मीडियम’ म्हणजे कुठली डिस्क, असा प्रश्न पडावा इतका हा संदेश दिशाभूल करणारा आहे. नव्या आवृत्त्या आता स्पष्टच सांगतात की ‘एक्सडीजी_रनटाइम_डिर’ आणि ‘डीबस_सेशन_बस_ॲड्रेस’ हे व्हेरिएबल ठरलेले नाहीत. कारण एकच. ‘सू’ हे नवं लॉगिन नाही. जुन्याच सेशनच्या आत फक्त ओळख बदलते. लॉगिनडीच्या हिशेबी तो दुसरा युजर आलेलाच नाही, म्हणून त्याचा मॅनेजर उठलेला नाही आणि त्याची ‘/रन/युजर’मधली डिरेक्टरी नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी त्या युजरचं लिंगर लावा, म्हणजे मॅनेजर उठेल आणि डिरेक्टरी तयार होईल. मग त्याच्या शेलमध्ये:

एक्स्पोर्ट एक्सडीजी_रनटाइम_डिर=/रन/युजर/$(आयडी -यू)

आणि आता ‘सिस्टमसीटीएल --युजर’ बोलू लागेल. लिंगरच्या आधी हाच व्हेरिएबल ठरवला तर एरर नुसती बदलते, जात नाही, कारण ज्या रस्त्यावर पाठवलं तिथे घरच नसतं.

याहून स्वच्छ वाट म्हणजे ‘मशीनसीटीएल शेल युजरनेम@’. ती खरं सेशन उघडते, व्हेरिएबल आपोआप येतात. डेबियन आणि उबुंटूवर त्यासाठी ‘सिस्टमडी-कंटेनर’ पॅकेज लागतं. आणि २०२१मध्ये आलेल्या २४८व्या आवृत्तीपासून रूटवरून थेट असं विचारता येतं:

सिस्टमसीटीएल --युजर --मशीन=युजरनेम@ स्टेटस नोंद-सिंक

मी स्वतः आता हेच वापरतो. डेबियनच्या किमान इन्स्टॉलवर एवढं करूनही बस सापडत नसेल, तर ‘डीबस-युजर-सेशन’ पॅकेज आहे का ते पाहा.

आणि ‘सुडो सिस्टमसीटीएल --युजर’ कधीच नको. तो तुमच्या नाही, रूटच्या युजर मॅनेजरशी बोलायला जातो. तिथे तुमची सर्व्हिस नसणारच.

जर्नल रिकामा

‘जर्नलसीटीएल --युजर -यू नोंद-सिंक’ म्हटलं आणि काहीच आलं नाही, तर लगेच सर्व्हिसवर संशय घेऊ नका. युजरगणिक वेगळा जर्नल फक्त डिस्कवर टिकणाऱ्या जर्नलमध्ये असतो. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ डिरेक्टरी नसेल आणि जर्नल मेमरीतच राहत असेल, तर सगळं एकाच फाइलमध्ये जातं. दुसरी खोच सर्व्हिससाठी केलेल्या युजरची. त्याचा यूआयडी सिस्टम युजरच्या पट्ट्यात, म्हणजे सहसा १००० च्या खाली असेल, तर त्याच्या ओळी सिस्टमच्या जर्नलमध्ये लिहिल्या जातात. दोन्ही वेळा रूटवरून विचारा:

जर्नलसीटीएल --युजर-युनिट=नोंद-सिंक

इथे दोन शब्दांमध्ये हायफन आहे, आधीच्या कमांडहून हा पर्याय वेगळा.

हाताने चालते, सर्व्हिस म्हणून नाही

टर्मिनलवर स्क्रिप्ट धावते, मॅनेजरखाली ‘२०३/एक्झेक’, म्हणजे प्रोग्रॅम सुरूच करता आला नाही. मॅनेजर तुमचा ‘.बॅशआरसी’ वाचत नाही. तिथे पाथमध्ये घातलेलं काहीच त्याला माहीत नसतं. ‘~’ही तो उलगडत नाही, त्याऐवजी ‘%एच’ लिहा, वरच्या फाइलमध्ये आहे तसं. त्याला खरोखर काय दिसतं ते ‘सिस्टमसीटीएल --युजर शो-एन्व्हायर्नमेंट’ने कळतं. ती यादी एकदा निवांत वाचा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. कायमचे व्हेरिएबल द्यायचे तर ‘~/.कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी’मध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल ठेवा.

खिडकी उघडणाऱ्या प्रोग्रॅमसाठी मात्र ‘डिफॉल्ट.टार्गेट’ चुकीचं. लिंगर असेल तर ते टार्गेट बूटलाच गाठलं जातं, तेव्हा पडद्यावर कोणाचं डेस्कटॉप सेशनच नसतं. अशांना ‘ग्राफिकल-सेशन.टार्गेट’ला बांधा.

ग्रुप बदलला, फरक पडला नाही

हे लिंगर लावल्यानंतरच उद्भवतं, म्हणून जरा थांबून सांगतो. सर्व्हिसला सीरियल पोर्ट वाचायचा होता. ‘परमिशन डिनाइड’ आलं म्हणून युजरला ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये घातलं. लॉगआउट केलं, लॉगिन केलं. टर्मिनलमध्ये ‘आयडी’ म्हटलं तर ग्रुप दिसतो, पोर्टही वाचता येतो. सर्व्हिस मात्र अजून ‘परमिशन डिनाइड’च म्हणते. रीस्टार्ट केली, तरी तेच.

एरवी लॉगआउटने मॅनेजर मेला असता आणि नवा मॅनेजर नवे ग्रुप घेऊन आला असता. आता लिंगरमुळे तो मरत नाही. तो उठला त्या दिवशीचे ग्रुप घेऊन बसलाय आणि प्रत्येक सर्व्हिसला तेच वाटतोय. म्हणून त्यालाच उठवून बसवावं लागतं:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट युजर@१०००.सर्व्हिस

याने त्या युजरच्या सगळ्याच सर्व्हिस खाली जाऊन परत येतात. त्याच नावाने डेस्कटॉप उघडा असेल तर आधी काम सेव्ह करा आणि बाहेर पडा. ‘एन्व्हायर्नमेंट.डी’मधले बदल पोहोचले नाहीत असं वाटलं, तरी हाच उपाय.

लिंगर कुठे लावू नये

होम डिरेक्टरी लॉगिनच्या पासवर्डने उघडणारी, एन्क्रिप्टेड असेल, तर लिंगर हे उत्तर नव्हे. बूटच्या वेळी मॅनेजर उठेल, पण तुमची ‘.कॉन्फिग’ अजून कुलुपात असेल आणि त्याला एकही युनिट दिसणार नाही. अशी सर्व्हिस सिस्टम युनिट म्हणून ‘/इटीसी/सिस्टमडी/सिस्टम’मध्ये न्या, तिचा डेटा होमच्या बाहेर ठेवा. ‘युजर=’ ही ओळ तिथे मात्र हवीच.

आणि माझं ठाम मत असं की ज्या सर्व्हिसवर इतर लोक अवलंबून आहेत, ती एका माणसाच्या युजर मॅनेजरखाली ठेवू नये. त्या माणसाचं अकाउंट बंद झालं की सर्व्हिसही जाते, आणि मागे राहिलेल्यांना ती कुठे शोधायची हेही कळत नाही. सिस्टम युनिटला नेटवर्कची वाट पाहता येते, १०२४ च्या खालचा पोर्ट रूटच्या परवानगीने देता येतो, जर्नल सगळ्या ॲडमिनना दिसतो. युजर सर्व्हिस स्वतःच्या कामासाठी, आणि रूटचा अधिकार हाती नसेल तेव्हा.

शेवटची परीक्षा

सगळं झाल्यावर लगेच स्टेटस पाहून समाधान मानू नका, कारण पाहायला जाणं म्हणजे लॉगिन, आणि लॉगिनने जुनं दुखणंही झाकलं जातं. मशीन रीबूट करा. दहा मिनिटं लॉगिन न करता थांबा. मग आत जा आणि तीन वेळा काढा: ‘अपटाइम -एस’ने बूटची, ‘लास्ट’ने लॉगिनची, आणि वरच्याच ‘ऍक्टिव्हएंटरटाइमस्टॅम्प’ने सर्व्हिसची. सर्व्हिसची वेळ बूटला चिकटून असेल तर काम झालं. लॉगिनला चिकटून असेल तर लिंगर लागू झालं का ते पुन्हा पाहा, आणि सर्व्हिस सुरूच झाली नसेल तर ‘वॉन्टेडबाय’ची ओळ.

माझ्या मशीनवर बूट १४:२०:०५, सर्व्हिस १४:२०:१९, लॉगिन १४:३१.